परदेशींचें सासर आणि कागदांची शिदोरी

परगांवीं दिलेल्या लेकीची काळजी आपल्या घरांना नवी नाहीं. माझ्या आजीच्या वेळीं मेहकराहून मलकापूरला मुलगी दिली तरी बायका 'फार लांब दिली हो' म्हणून डोळे पुसत. आज त्याच ओसरीवर बसून आपण न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया हीं नांवें खामगांव-चिखलीच्या सहजतेनें उच्चारतों. अंतराची भीति ओसरली. तिच्या जागीं कागदांची भीति येऊन बसली आहे.

मागील महिन्यांत चिखलीच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या कन्येचें लग्न अमेरिकेंतील एका मुलाशीं ठरत आहे. मध्यस्थ सांगतात कीं, मुलगी सहा महिन्यांत ग्रीन कार्डावर जाईल. हें कितपत खरें मानावें, असा त्यांचा प्रश्न आहे. याचें उत्तर मला केवळ पुस्तकांतून द्यावें लागत नाहीं. आमच्याच घरीं तें अडीच वर्षें शिजत होतें, आणि त्यांत जें करपलें तें माझ्या हातून करपलें. म्हणून आज हाच विषय घेतों.

तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलीचें लग्न झालें. जांवई मूळचे खामगांवकडील, आतां अमेरिकेचे नागरिक. लग्न यथाविधि झालें. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळीं तांदुळाच्या ताटांत अंगठीनें सुनेचें नांव लिहावयाची वेळ आली. मुलगी आदल्याच दिवशीं मला हळूच म्हणाली होती, "काका, माझें नांव आहे तेंच राहूं द्या ना. मागून कागदांत घोळ होईल." सासरच्या मंडळींचा आग्रह मुळींच नव्हता. पण मी वडीलकीच्या पाटावर बसलेला! "रीत ती रीत. कागद काय, मागून होत राहतील," असें म्हणून मींच नवें नांव सुचविलें. एवढ्यावर थांबलों असतों तरी चाललें असतें. ताटांतले तांदूळ दुसऱ्या दिवशीं भांड्यांत जातात. परंतु विवाहनोंदणीचा अर्जही मींच भरला आणि त्यांत वधूचें नांव म्हणून तें नवेंच नांव मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहिलें.

परिणाम असा झाला कीं, पासपोर्टावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नांव, विवाहाच्या दाखल्यावर दुसरें, आणि जन्माच्या नोंदींत नांवच नाहीं. तेथें नुसतें 'मुलगी' एवढेंच. ही तिसरी गोष्ट आपल्याकडे फार घरांतून आढळेल. बारसें बाराव्या दिवशीं होतें, जन्माची नोंद त्याआधींच झालेली असते, आणि मागून जाऊन नांव घालण्याचें कोणाला सुचत नाहीं. एका मुलीच्या अशा तीन मुली झाल्या, आणि अमेरिकेच्या सरकारला त्यांतली कोणती बोलवावयाची हें ठरेना.

आतां ही सारी पद्धति क्रमानें सांगतों.

प्रथम मुलगा अमेरिकेंत कोणत्या नात्यानें राहतो, तें विचारावें. पगार, घर, मोटार हे प्रश्न मागून. तीन प्रकार ठळक आहेत. मुलगा तेथील नागरिक असेल, तर त्याच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा लागू नाहीं. तिला रांग नाहीं, वेळ लागतो तो केवळ कामकाजाचा. मुलाजवळ ग्रीन कार्ड असेल, म्हणजे तो कायमचा रहिवासी असेल पण नागरिक नसेल, तर त्याच्या पत्नीचा वर्ग निराळा. त्या वर्गाला दरसाल ठराविकच जागा असतात, म्हणून रांग असते, आणि ती किती सरकली हें तेथील परराष्ट्र खातें दरमहा पत्रक काढून सांगतें. तो मध्येंच नागरिक झाला तर पत्नी त्या रांगेंतून सुटते. तिसरा प्रकार एच-१बी या नोकरीच्या परवान्यावर असलेल्या मुलांचा, आणि आपल्या घरांतील पुष्कळ मुलें याच प्रकारांत मोडतात. त्यांची पत्नी एच-४ परवान्यावर जाते. तें ग्रीन कार्ड नव्हे. नोकरीच्या मार्गानें मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला शेंकडा सातांहून अधिक वांटा नसल्यामुळें हिंदी अर्जदारांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. एच-४ वरील पत्नीला नोकरीही सहसा करतां येत नाहीं. पतीचा ग्रीन कार्डाचा अर्ज कांहीं विशिष्ट टप्प्यापर्यंत पोंचला असेल तरच कामाचा परवाना मागतां येतो, आणि ती सोय २०१५ च्या मे महिन्यांत सुरू झाली. डॉक्टर वा इंजिनियर झालेल्या मुलीला घरीं बसावें लागणें म्हणजे काय, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको.

येथें एक बारीक परंतु मोलाची गोष्ट. नोकरीच्या मार्गानें ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वीं मुलाचें लग्न झालेलें असेल, तर पत्नीला त्याच्या बरोबर किंवा पाठोपाठ तोच हक्क मिळतो. कार्ड हातीं पडल्यावर लग्न केलें, तर पत्नीला वर सांगितलेल्या रांगेंत उभें राहावें लागतें. 'आधीं कार्ड येऊं द्या, मग थाटानें लग्न करूं' असें म्हणणारीं घरें आपल्याच सुनेला मागें ठेवतात.

पति नागरिक आहे असें धरून पुढें चालूं. अर्ज पत्नीला करावयाचा नसतो. तो पतीनें तेथील नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे करावयाचा. त्या अर्जाचें नांव आय-१३०. त्याची फी १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जाला ६७५ डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर अशी ठरली. पतीच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाहाचा दाखला, पूर्वीं कोणाचा विवाह झाला असल्यास तो संपल्याचा दाखला, आणि हा संसार खरा आहे असें दाखविणारीं साधनें त्यासोबत जोडावीं लागतात. तो मंजूर झाला म्हणजे प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटर या कचेरीकडे जातें. तेथें पुन्हा फी, पत्नीनें भरावयाचा डीएस-२६० हा अर्ज, दाखल्यांच्या प्रती आणि पतीचें हमीपत्र. या हमीपत्राला आय-८६४ म्हणतात. त्यांत पतीचें उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी आहे हें दाखवावें लागतें. दोन माणसांच्या घराला २०२५ च्या मानानें ही रक्कम २६,४३७ डॉलर होती. उत्पन्न अपुरें पडल्यास दुसरा कोणी नागरिक किंवा कायमचा रहिवासी जामीन राहूं शकतो.

कागद पुरे झाले म्हणजे वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत मुलाखत. तपासणी वकिलातीनें नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते; आपल्या घरच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाहीं. पूर्वीं ही वकिलात ब्रीच कँडीस लिंकन हाउसमध्यें होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलांत आहे. व्हिसा मिळाल्यावर मुलगी तेथें उतरली कीं ती कायमची रहिवासी होते आणि कार्ड टपालानें घरीं येतें. पत्नी आधींच दुसऱ्या रीतसर परवान्यावर अमेरिकेंत असेल, तर तिला तेथेंच आय-४८५ हा अर्ज करतां येतो. मात्र 'प्रवासी म्हणून पाठवूं आणि तेथें गेल्यावर पाहूं' अशी मसलत कोणी दिल्यास त्या सज्जनाला चहा पाजून वाटेला लावावें. मनांत कायम राहण्याचा बेत ठेवून तोंडानें 'पाहुणी म्हणून जातें' असें सांगणें तेथें खोटें निवेदन ठरतें, आणि त्यानें दार कायमचें बंद होऊं शकतें.

आतां आपल्या बाजूच्या कागदांकडे वळूं, कारण घोटाळा बहुधा येथेंच होतो. जन्माचा दाखला नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा, नांवासह हवा. नांव नसेल तर तें नोंदवून घ्यावें. मूळ नियमांत त्याला पंधरा वर्षांची मर्यादा आहे, शासनानें ती मुदत अधूनमधून वाढविलेली आहे, तरी वाट कशाला पाहावी? नात झाली असेल तर उद्यांच जाऊन पाहावें. नोंदच मुळीं नसेल, तर 'नोंद आढळत नाहीं' असा दाखला आणि वडीलधाऱ्यांचीं प्रतिज्ञापत्रें लागतात. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्ट कचेरीमार्फतचा लागतो. ठाण्यांतील चिठ्ठी पुरत नाहीं. मराठी दाखल्यांना इंग्रजी भाषांतर जोडावें, आणि तें पूर्ण व बिनचूक आहे व आपणांस दोन्ही भाषा येतात, असें भाषांतरकारानें खालीं लिहून सही करावी. सर्व कागदांवर एकच नांव, तेंच स्पेलिंग, तोच क्रम असावा. आपल्याकडे मधलें नांव लग्नाआधीं वडिलांचें, लग्नानंतर नवऱ्याचें. परक्या देशाच्या कारकुनाला हें कोडें उलगडत नाहीं, आणि त्यांत त्याचा दोषही नाहीं.

संसार खरा असल्याचा पुरावा हाही आपल्या घरांत अवघड प्रश्न आहे. तिकडे पतिपत्नींचें जोड खातें, दोघांच्या नांवाचें घरभाडें, विमा असें कांहीं पाहतात. आपल्या एकत्र कुटुंबांत घर आजोबांचें, खातें सासऱ्यांचें, विजेचें बिल चुलत्यांच्या नांवानें. म्हणून लग्नाचीं छायाचित्रें दोन्हीकडील वडीलधाऱ्यांसह काढलेलीं असावीं. लग्नपत्रिका, एकत्र प्रवासाचीं तिकिटें, परस्परांचीं पत्रें व संदेश जपून ठेवावे. विम्यावर वा खात्यावर पत्नीचें नांव वारस म्हणून लावावें. खोटा पुरावा मात्र एकही नको. केवळ कार्डासाठीं लग्न केलें असें ठरल्यास त्या व्यक्तीची पुढील कोणतीही विवाहाधारें केलेली मागणी मंजूर होत नाहीं, आणि पांच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षाही त्या देशाच्या कायद्यांत आहे.

याच संबंधांत एक नवी चाल पडूं पाहते. 'कागदांची घाई आहे, तेव्हां आतां नुसती नोंदणी करूं. मंगलाष्टकें मागून मुहूर्तावर' असें कांहीं घरें म्हणतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ च्या एप्रिलमधील एका निकालांत यावर स्पष्ट बोट ठेवलें आहे. हिंदु विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणें विवाह रूढ विधींनीं व्हावयाचा, आणि जेथें त्या विधींत सप्तपदी आहे तेथें सातवें पाऊल पडलें म्हणजे तो पूर्ण होतो. विधि झालेलाच नसेल तर नोंदणीच्या कागदानें विवाह निर्माण होत नाहीं. नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा, असें न्यायालयानें सांगितलें, आणि परदेशीं जाण्याच्या व्हिसासाठीं अशा आगाऊ नोंदी होतात याचाही त्यांत उल्लेख केला. ज्यांना विधि नको असतील त्यांना विशेष विवाह कायदा १९५४ चा मार्ग मोकळा आहे. त्यांत तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. परंतु अर्धें हें, अर्धें तें, असें करूं नये. उलट, विधि झाला म्हणून नोंदणी टाळणेंही बरें नव्हे. सर्व विवाहांची नोंद व्हावी असा आदेश याच न्यायालयानें २००६ सालीं दिलेला आहे. आपल्या राज्यांत खेड्यांत ग्रामसेवकाकडे आणि शहरांत नगरपालिकेंत ही नोंद होते. संस्कृताच्या अभ्यासानें मला सप्तपदीचा अर्थ ठाऊक होता. सातवें पाऊल सख्याचें, हें मी वर्गांत शिकवीत आलों. तो अर्थ कायद्याच्या पुस्तकांतही आहे, हें मात्र मला या प्रकरणानें शिकविलें.

पूर्वीं हें सारें नव्हतें काय? आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां आजच्या अर्थाचा व्हिसा त्यांना काढावा लागला नाहीं. गोपाळराव मागाहून पोंचले आणि ११ मार्च १८८६ च्या पदवीदानाला हजर राहिले. पुढें दार मिटत गेलें. १९१७ च्या कायद्यानें हिंदी लोकांना प्रवेश बंद झाला, आणि १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदी माणूस नागरिक होऊं शकत नाहीं असा निकाल दिला. त्या वेळच्या कायद्यानें, नागरिक होण्यास अपात्र अशा परदेशीयाशीं लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचेंही नागरिकत्व जाई. तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी दास यांना तें भोगावें लागलें. १९४६ सालीं वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरती फट उघडली, आणि १९६५ च्या कायद्यानें राष्ट्रनिहाय जुने निर्बंध काढून कुटुंबाच्या एकत्र राहण्याला महत्त्व दिलें. आज आपण ज्या अर्जांना कंटाळतों ते त्या उघडलेल्या दाराचे उंबरठे आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

आतां मुलींच्या रक्षणाचें. व्हिसावर अमेरिकेंत उतरण्याच्या दिवशीं लग्नाला दोन वर्षें पूर्ण झालेलीं नसतील, तर मिळणारें कार्ड सशर्त, दोन वर्षांचें असतें. १९८६ च्या कायद्यानें ही अट आली. मुदत संपण्यापूर्वींच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनीं मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा. या 'मिळून' शब्दाचा धाक दाखवून कांहीं नवरे बायकोला मुठींत ठेवतात: 'सही करणार नाहीं, मग बैस परत जाऊन.' प्रत्येक आईनें मुलीला सांगून ठेवावें कीं, हा धाक पोकळ आहे. खऱ्या भावनेनें केलेलें लग्न मोडलें किंवा पतीनें छळ केला, तर पत्नीला एकटीलाही तो अर्ज करतां येतो. छळ सोसणाऱ्या नागरिकाच्या वा कायम रहिवाशाच्या पत्नीला स्वतःच्या नांवानें ग्रीन कार्ड मागण्याची सोयही तेथील १९९४ च्या कायद्यानें केली आहे. पतीनें दिलेलें हमीपत्र घटस्फोटानेंही संपत नाहीं. पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा सुमारें दहा वर्षांच्या कामाची नोंद तिच्या नांवें जमेपर्यंत तें त्याला बांधून ठेवतें. पासपोर्ट, कार्ड, विवाहाचा दाखला हे मुलीच्या स्वतःच्या पेटींत असावे, सासऱ्यांच्या कपाटांत नव्हे. इकडे टाकून दिलेल्या मुलींसाठीं राष्ट्रीय महिला आयोगांत २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. परदेशस्थांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी आणि पासपोर्टावर विवाहाची माहिती यावी, अशी शिफारस विधि आयोगानेंही २०२४ च्या अहवालांत केली.

कार्ड मिळाल्यावरही एक बंधन राहतें. वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास कार्ड गमावण्याचा प्रसंग येतो. त्यासाठीं निघण्यापूर्वींच तेथून परतीचा परवाना मागावा लागतो. आजारी सासूच्या उशाशीं बसण्यासाठीं सून आली तर 'आणखी थोडें राहा' म्हणण्यापूर्वीं घरच्यांनीं तारीख मोजावी.

आमच्या मुलीच्या प्रकरणांत दाखले परत आले, आणि दुरुस्तीला आठ महिने गेले. प्रतिज्ञापत्र, विवाहाच्या नोंदींत मूळ नांव, जन्माच्या नोंदींत नांव, पुन्हा भाषांतरें. नोंदणीच्या खिडकीपाशीं मी बारा वेळां उभा राहिलों. पण माझे पाय दुखले याचें मला कांहीं वाटत नाहीं. लग्न होऊन दीड वर्ष झालें, दोन वर्षें झालीं, मुलगी माहेरींच. गांवांत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे नवऱ्यानें टाकली, कोणी म्हणे तिकडे त्याची दुसरी आहे. जांवई बिचारे रोज रात्रीं फोन करीत, पण फोन गल्लीला ऐकूं जात नाहीं. त्या संक्रांतींत माझी भावजय हळदीकुंकवाला कोठेंच गेली नाहीं. मुलगी शाळेंत शिकवावयास जाई आणि मान वर करून परत येई. मला एका शब्दानें बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

शेवटीं मुलाखतीचा दिवस आला. शेगांवास महाराजांचें दर्शन घेऊन आम्ही गाडीनें मुंबईस गेलों. मी वकिलातीबाहेर बसलों होतों. नवऱ्याचें काम काय, पहिली भेट कोठें झाली, सासरीं कोण कोण असतें, एवढेंच तिला विचारलें म्हणे. महिन्याभरानें ती गेली. तोंपर्यंत लग्नाला दोन वर्षें होऊन गेलीं होतीं, म्हणून तिला सशर्त नव्हे, एकदम दहा वर्षांचें कार्ड मिळालें. बंधू म्हणाले, "पाहा, उशिराचाही लाभच झाला." ते माझें मन राखण्यासाठीं म्हणाले. त्या लाभाची किंमत मीं भरली नव्हती. तिनें आणि तिच्या आईनें भरली होती.

आमच्या शास्त्रांत सूचीकटाहन्याय सांगितला आहे. लोहाराकडे कढई आणि सुई दोन्ही करावयास आल्या, तर तो सुई आधीं करतो. कारण ती थोडक्यांत होते. जन्माच्या नोंदींत नांव घालणें, विवाहाच्या अर्जांत पासपोर्टावरचेंच नांव लिहिणें, ही सुई आहे. मीं ती मागें टाकली.

चिखलीच्या भगिनींना माझें उत्तर असें: सहा महिन्यांचें वचन कोणाकडूनही घेऊं नका. मुलगा कोणत्या नात्यानें तेथें राहतो याचा कागद बैठकींतच पाहा; त्यांत संकोच कसला? विधि पूर्ण करा, मग त्याच आठवड्यांत नोंद करा. मध्यें जें वर्ष-दीड वर्ष जाईल तें मुलीनें माहेरीं कसें काढावयाचें, याचा विचार लग्नाआधींच दोन्ही घरांनीं करावा, आणि तेवढा काळ शेजाऱ्यांच्या तोंडाला नव्हे, मुलीच्या मनाला जपावें.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं धाकट्या पुतणीचें लग्न झालें. तांदुळाचें ताट पुढें आलें, तेव्हां सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं मुलीला विचारलें, "नांव काय लिहावयाचें, बाळ?" तिनें आपलें स्वतःचेंच नांव सांगितलें, आणि जांवयांनीं तेंच लिहिलें.